मामाने कापलेली वायर

मामा,

परवा तुझी शोकसभा उशिरा सुरू झाली. लोक खुर्च्यांवर चुळबुळत बसले, पहिल्या रांगेतून कुणीतरी मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं, आणि बडोद्यातल्या फतेगंजच्या त्या हॉलचे मॅनेजर हात जोडून म्हणाले, ‘बेन, हवे तो शरू करो.’ हे सगळं माझ्यामुळे झालं असं निजामपुऱ्यात आता प्रत्येकजण सांगतो आहे. सांगू देत. माझं म्हणणं आहे की ते तुझ्यामुळे झालं. एरवी मी हे तुझ्या तोंडावर सांगितलं असतं आणि तू चहात खारी बुडवत म्हणाला असतास, ‘बोला, पत्रकवाली.’ आता समोर कुणी नाही, म्हणून लिहिते आहे.

तू कुठे नोकरीला होतास, तुझ्यामागे कोण कोण आहे, हे वर्तमानपत्रात आलं. चार ओळींत आटोपलं. त्यात तुझ्या बेस गिटारचा उल्लेख नव्हता. ज्याने ती बातमी दिली त्याच्याशीही मी भांडले. आई म्हणाली, ‘तू एकदा यादी कर, कुणाकुणाशी भांडायचं राहिलंय त्यांची.’ मी म्हटलं, यादीत पहिला तुझा भाऊच आहे.

बेसबद्दल माझी भूमिका तुला पाठ होती, तरी पुन्हा मांडते. तो बेस तुझा नव्हताच. तुम्ही सगळे पंचविशीच्या आत असताना तुमच्या कलापथकाने वर्गणी काढून जहाजावरच्या एका माणसाकडून तो जुना जपानी बेस घेतला होता. पथक मोडलं, माणसं पांगली, बेस तुझ्याकडे राहिला. सामूहिक मालमत्ता ज्याच्या ताब्यात राहते तो तिचा राखणदार असतो, मालक नसतो. आणि राखणदाराने काय केलं? पाठीमागून पटाशीने खड्डा खणून बॅटरीचा डबा बसवला. आतली सगळी वायर उपटून तुझ्या रिफायनरीच्या प्लांटमधली राखाडी वायर घातली. मूळचे पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारी ती दोन कॉइलं, काढून दुसरे लावले. आणि कळस म्हणजे भंगारात निघालेल्या एका पॅनलवरचा खटका, त्याच्या पत्र्याच्या पाटीसकट, बेसच्या छातीवर ठोकलास. पाटीवर लिहिलेलं, ‘ऑटो’ आणि ‘मॅन्युअल’. बॅटरी चालू म्हणजे ऑटो. लोक हसायचे आणि तू खूश व्हायचास.

मी अक्षरं शिकले ती तुमच्या कामगार संघटनेच्या पत्रकांवरून. ‘बंधू-भगिनींनो’ हा मी वाचलेला पहिला मोठा शब्द. बाबा गेल्यानंतर आई, तू आणि तुमच्या बैठकांमधून उरलेले कागद, यांनी मला वाढवलं. तूच शिकवलंस की कुणी कष्टाने केलेल्या वस्तूला हात लावायच्या आधी ती तशी का केली आहे हे विचारावं. मग कुठल्याशा जपानी कारखान्यात एका माणसाने बाकावर बसून जोडलेल्या त्या वायरी तू कुणाला विचारून उपटल्यास? हा माझा प्रश्न होता. तो तू कधीच गंभीरपणे घेतला नाहीस.

आपल्या घरात भाजी कोणती करायची तेही ठराव मांडून ठरायचं. मी रीतसर मांडलं होतं, ‘हा बेस मूळ स्थितीत आणण्यात यावा.’ आईने पोळी लाटता लाटता अनुमोदन दिलं. तू हात वर केलास.

‘उपसूचना.’

‘मांड.’

‘ब्रिजची वायर वगळून.’

‘वगळून म्हणजे मूळ कसं?’

‘बाकी सगळं मूळ.’

‘मग उद्या कुणी म्हणेल, रविवार सोडून बाकी सगळे हक्क. चालेल तुला?’

‘मला आधी पोळी चालेल. ताई, वाढ.’

ब्रिज म्हणजे बेसच्या खालच्या टोकाचा तो धातूचा भाग, ज्यात तारा अडकवतात. मूळ रचनेत त्याच्यापासून एक बारीक वायर आतल्या जोडणीला जाते. ती असली की तारा अँप्लिफायरमार्फत जमिनीशी जोडल्या जातात आणि तारांना हात लावताच घरघर थांबते. पण अँप्लिफायर बिघडला तर तीच वायर त्याचा करंट तारांत आणते. ती तू कापली होतीस. का, हे तू मला लहानपणापासून गोष्टीसारखं सांगत आलास. डभोईचा गणपतीचा मांडव. आई माईकवर गात होती. तू शेजारी बेस वाजवत होतास. कडवं लांबत चाललं म्हणून तू तिच्या खांद्याला हात लावलास, तर दोघांनाही शॉक बसला, आणि आईने भर स्टेजवर तुझ्या थोबाडीत मारली. इथे तू गालावर हात ठेवून डोळे फिरवायचास. मी दर वेळी हसायचे.

मोठी झाल्यावर हसणं बंद केलं. कारण गोष्ट नीट ऐकली तर त्यात दोष बेसचा नव्हता. मांडववाल्याने अर्थिंग दिलं नव्हतं. अर्थिंग नसलं की बिघडलेल्या यंत्रातला करंट जमिनीत जायच्या ऐवजी माणसातून जातो. हे तुला माहीत नव्हतं का? आयुष्यभर तू प्लांटमध्ये हेच तर सांभाळत होतास. मग मी म्हणायचे, ‘मांडववाला चुकला आणि शिक्षा बेसला? तू वायर कापून स्वतःपुरती सोय केलीस. पुढच्या वर्षी त्या स्टेजवर दुसरं कुणी उभं राहिलं असेल, त्याचं काय?’

‘संध्याकाळी आठ वाजता, लोक बसलेले, मांडववाल्याशी भांडू की वाजवू?’

‘भांडायचं.’

‘तू भांड. मी वाजवतो.’

मी तुला त्या दिवशी भित्रा म्हटलं होतं. तू रागावला नाहीस, याचाच मला राग आला.

मग गेल्या दिवाळीनंतर तू आपणहून श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन आलास. त्यात मूळचे पिकअप, मूळचे नॉब, सगळं कापसात गुंडाळून ठेवलेलं. इतकी वर्षं तू ते जपलं होतंस आणि मला वाटत होतं तू फेकून दिलं. ‘कर तू,’ म्हणालास, ‘पण माझ्या देखत. आणि वायर वगळून.’ बोटं आखडायला लागली होती तुझी. सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात देऊन तू खुर्चीत बसलास आणि मला सुचेनासं होईल इतक्या सूचना केल्यास. कथील कमी. हात हलवू नकोस. फुंकर मारू नकोस, तो काय चहा आहे?

मी म्हटलं, ‘आकृती काढून दे.’

‘कशाला? डोक्यात आहे.’

मामा, प्लांटमध्ये तू प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबराची नळी घालायचास. नवीन आलेल्यांना त्यावरून झापायचास. आणि घरच्या बेसमध्ये सगळ्या वायरी एकाच राखाडी रंगाच्या, एकीवरही नंबर नाही. डोक्यात आहे म्हणे. आता ते डोकं मी कुठून आणू?

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. डब्यात दोन कपॅसिटर होते, एक पिवळा, एक तपकिरी. मूळचा कुठला असं मी विचारलं. तू म्हणालास, ‘फोनवर काय सांगू, उद्या येऊन बघतो.’ एक रंग सांगायचा होता. एवढंसं काम. तू आला नाहीस, दुपारी दिलावरभाईंचा फोन आला. तुझ्याबरोबर कीबोर्ड वाजवणारे, इतके बोलके दिलावरभाई, त्यांना वाक्य पुरं करता येईना.

लोक म्हणाले, आता राहू दे ते. तेराव्याला भटजी बोलावले, त्यावर मी एक शब्द बोलले नाही, कारण आईने आधीच डोळे वटारले होते. सगळा राग मी बेसवर काढला. शोकसभेत आई तुमच्या पथकातलं जुनं गाणं म्हणणार होती, कीबोर्डवर दिलावरभाई, आणि बेस मी वाजवणार, तूच शिकवलेला, मूळ जोडणीचा. एवढं ठरवलं आणि टेबलाशी बसले.

दोन्ही कपॅसिटर लावून पाहिले. तपकिरीने आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा झाला, पिवळ्याने मोकळा. पिवळा ठेवला. बरोबर आहे का, ते तूच सांगू शकला असतास. मग एक पिकअप बोलेना. कॉइल तपासलं, चांगलं होतं. नॉब बदलला. सांधे उकलून पुन्हा केले. एक अख्खा रविवार गेला. मी त्या बेसला आणि तुला मिळून जे बोलले ते आईने स्वयंपाकघरातून ऐकलं आणि रेडिओ मोठा केला. शेवटी वैतागून तुझ्या राखाडी वायरीवरची काळी पट्टी सोलली. वायरीभोवती जाळी असते ना, ती तू एका टोकाला जोडली होतीस आणि दुसऱ्या टोकाला कापून, वर टेप गुंडाळून, नीटनेटकी लपवली होतीस. प्लांटचा तुमचा नियम! जाळी एकाच टोकाला जोडायची, दुसरं टोक मोकळं सोडायचं, म्हणजे मीटर चुकीचं दाखवत नाही. तुझ्या बॅटरीच्या सर्किटला परतीची वायर वेगळी होती, म्हणून ते चाललं. मी तीच वायर मूळ पिकअपला लावली, तर त्याचा करंट परत जायला वाटच उरली नाही. शिस्तीचा माणूस! संगीताच्या वाद्यातसुद्धा रिफायनरीची शिस्त!

जाळी जोडली. पिकअप बोलला. मी एकटीच टेबलावर हात आपटत हसले आणि मग तुला सांगायला फोन उचलला. उचलला खरंच.

आता राहिली ब्रिजची वायर. तिच्याशिवाय मूळ पिकअप नुसते घरघरत होते. मी वायरचा तुकडा सोलत होते तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली.

‘ती जोडू नकोस.’

‘आई, त्या थोबाडीच्या गोष्टीला तीस वर्षं झाली.’

‘थोबाडीत मारली ती नंतर.’

‘कशानंतर?’

ती माझ्या पलंगावर बसली. पदराने हात पुसत राहिली, हात कोरडेच होते.

‘पाऊस पडून गेला होता. स्टेजवरचा गालिचा ओला. त्याने खांद्याला हात लावला आणि मला माईक सोडवेना. ओरडायचं होतं. तोंड उघडं, आवाज नाही. समोरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं मी मोठी तान घेते आहे.’

‘आणि मामा?’

‘त्याचाही हात सुटेना. माझ्याकडे बघत होता नुसता. दिलावरने बोर्डातून वायर खेचली तेव्हा मी पडले. उठल्यावर दिली त्याला एक ठेवून. घाबरले होते म्हणून दिली.’

‘हे मला कुणी का सांगितलं नाही?’

‘तुला कशाला, कुणालाच सांगितलं नाही. तुझे आजोबा मला गायला सोडायचे ते भाऊ सोबत आहे म्हणून. हे कळलं असतं तर माझं गाणं तिथेच बंद. डभोईहून बसने येताना तोच म्हणाला, ताई, थोबाडीतलं तेवढं सांगू. घरी आल्यावर चपला काढता काढता त्याने ते असं काही रंगवून सांगितलं, की आजोबा आठवडाभर आल्यागेल्याला सांगत होते. पुढच्या कार्यक्रमाला स्वतःहून म्हणाले, जा, पण भावाला मारू नकोस.’

‘नंतर सांगायचं होतं. आजोबा गेल्यावर.’

‘नंतर त्याला तसंच सांगायची सवय झाली. मलाही.’

मामा, मी तुला भित्रा म्हटलं तेव्हा तू फक्त एवढं सांगायचं होतंस की तुझी बहीण तुझ्या हाताखाली मरत होती. एक वाक्य. त्यानंतर मी कसली उपसूचना फेटाळली असती? तू मला विनोद सांगितलास आणि मी वर्षानुवर्षं त्या विनोदाशी वाद घालत बसले. विरोधकाला खरी माहिती न देता वादात हरू द्यायचं, हे तुझ्याच पत्रकांच्या विरुद्ध आहे. आईचं गाणं तुझ्या त्या थापेमुळे टिकलं, हे मला कळतं. ते गाणं ऐकतच मी वाढले. त्याबद्दल मी तुझी कशी ऋणी आहे ते मला लिहिता येत नाही, आणि तरी राग जात नाही.

कारण मी आईला विचारलं, ‘मांडववाल्याला सांगितलं होतं का?’

‘त्याला सांगितलं असतं तर गोष्ट बडोद्याला पोचली असती.’

म्हणजे नाही सांगितलं. ओला गालिचा, तो बोर्ड, तो माईक, सगळं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणासाठी तसंच लागलं असणार. माझा मुद्दा शिल्लक आहे, मामा. आधी तो मांडायला सोपा होता. आता मांडताना आईचा चेहरा मध्ये येतो. पण आहे.

मी वायर जोडली. मी म्हटलं, ‘बेस जसा बनवला तसाच वाजेल. हॉलला नीट व्हावं लागेल. नाही झाला तर मी वाजवणार नाही आणि तुला माईकला हात लावू देणार नाही.’

‘आणि माणसं येतील त्यांना काय सांगशील?’

‘अर्थिंग नाही म्हणून सांगेन.’

सभेच्या दिवशी तुझा मीटर घेऊन मी आधीच हॉलवर गेले. अँप्लिफायर लावला, मीटरची एक सुई माईकच्या जाळीला, दुसरी बेसच्या तारेला. आकडा माणूस चिकटून बसेल एवढा होता. बोर्डाशी खाली वाकून पाहिलं, तर अँप्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन कुणीतरी मोडून टाकली होती, दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून. मॅनेजर म्हणाले, ‘बेन, वर्षोथी आम ज चाले छे.’ वर्षानुवर्षं असंच चालतं म्हणे. मी म्हटलं, ‘एम नहि चाले.’ ते म्हणाले शोकसभा आहे, अशा वेळी एवढं कोण बघतं. मी म्हटलं, अशीच वेळ आहे.

इलेक्ट्रिशियनला बोलावणं गेलं. माणसं येऊन बसायला लागली. तुझ्या फोटोला हार घातला गेला. उदबत्त्या कुणी लावल्या माहीत नाही, मी विझवल्याही नाहीत. दिलावरभाई स्टेजच्या कडेला बसून माझी आणि मॅनेजरची झकाझकी ऐकत होते. मध्येच म्हणाले, ‘तारा मामानी सभामां पण हडताळ?’, म्हणजे तुझ्या सभेतही माझा संप, आणि तोंडावर रुमाल धरला. हसत होते की काय, ते मी पाहिलं नाही. थोड्या वेळाने तेच उठून मॅनेजरच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि हळू आवाजात बराच वेळ काही सांगत राहिले. त्यानंतर मॅनेजर मला एकदाही घाई करायला आले नाहीत. उलट इलेक्ट्रिशियन आल्यावर त्याच्या डोक्यावर उभे राहून त्यांनी तो प्लग आणि दोन्ही बोर्ड बदलून घेतले. तिसरं भोक, त्यात खरी वायर, पार मुख्य पट्टीपर्यंत. मी मीटर लावला. शून्याच्या आसपास. पुन्हा लावला. मग आईला म्हटलं, ये.

गाणं झालं. कसं झालं ते तिथे आलेले सांगतील, मला वाजवताना काही कळलं नाही. बेसचा आवाज तुझ्या बॅटरीवाल्या आवाजाएवढा मोठा नव्हता. पण गोल होता, आणि आईच्या खाली अंथरल्यासारखा पसरत होता. शेवटचा सूर विरेपर्यंत मी बोट उचललं नाही. तेवढ्यात आई माझ्याकडे वळून म्हणाली, ‘ऑटोवरचाच आवाज बरा होता.’

माईक चालू होता. अख्ख्या हॉलने ऐकलं.

मी म्हटलं, ‘बरा कसा? तो नुसता मोठा होता.’

‘मोठा होता म्हणूनच बरा. मला सूर धरायला सापडायचा.’

‘हा मूळ आवाज आहे, आई!’

‘असेल. मी काय जपानात गायले का? माझं सगळं गाणं त्याने बदललेल्या बेसवर झालं. माझा मूळ तोच.’

‘म्हणजे मी एवढं केलं ते—’

‘चांगलं केलंस. पण मला नाही आवडलं. सांगायचं नाही का?’

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग पुढच्या रांगेत. दिलावरभाईंनी कीबोर्डवर डोकं टेकलं आणि त्यातून एक भलताच सूर निघाला. मला बोलू न देण्यासाठी आईने माझं मनगट घट्ट पकडलं होतं. माझी बोटं तारांवर होती आणि तिच्या दुसऱ्या हातात माईक होता. मी बोलत होते, ती माझ्याहून मोठ्याने बोलत होती, आणि तुला हरवायला निघालेली मी तुझ्या बहिणीकडून हरत होते. कुणालाही काही झालं नाही, मामा. आम्ही दोघी पोटभर भांडलो.